लंडनचं दही

लंडनचे आमचे फोटो अजून बिस्किटांच्या एका डब्यात आहेत. प्रत्येक फोटोत मागे काहीतरी जगप्रसिद्ध उभं आहे आणि पुढे आम्ही तिघं, आई, बाबा आणि मी, उन्हाचा पत्ता नसताना डोळे बारीक करून. दादा एकाही फोटोत नाही. कॅमेरा त्याचा होता आणि तो दुसऱ्याच्या हातात द्यायला तो तयार नसे. ज्याला भेटायला आम्ही एवढे सातासमुद्रापार गेलो, तोच कुठे दिसत नाही.

ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट. दादा माझा मोठा भाऊ. इंजिनिअर होऊन दोन वर्षांसाठी म्हणून लंडनला गेला, त्याला तोवर कितीतरी वर्षं झाली होती. तो गेल्या गेल्या बाबांनी नागपुरात प्रताप नगरच्या आमच्या घरावर एक खोली चढवली. परत आल्यावर त्याला लागेल म्हणून. खोलीला कुलूप असे. आई दर शनिवारी ते काढून झाडून घेई, पलंगावरची चादर झटकून पुन्हा तशीच घाली. मला अभ्यासाला ती खोली हवी होती. ‘ते त्याची हाय,’ एवढंच उत्तर मिळे. मी खाली शिवणयंत्राशेजारी बसून एम.ए. केलं. मी घरात होतेच, त्यामुळे माझी वाट कोणी पाहत नव्हतं.

आमच्या घरी कोणी प्रवासाला निघालं की त्याच्या हातावर दही ठेवायची पद्धत. पुष्कळ घरांत असते, पण आईचं त्यात फार कडक होतं. दही घरच्याच माणसानं द्यायचं, जाणाऱ्यानं ते तिथल्या तिथे चाटून संपवायचं आणि देणाऱ्यानं म्हणायचं, ‘लवकर ये परत.’ म्हणजे माणूस घरी परत येतो. एकदा पाहुणी आलेली मावशी बाबांना दही द्यायला पुढे झाली, तर आईनं तिच्या हातातून वाटी काढून घेतली. ‘तू नको देऊ वं. घरच्यानंच द्या लागते.’ मावशी दोन दिवस रुसून होती. दादा लंडनला निघाला तेव्हा आईनं त्याच्या हातावर इतकं दही ठेवलं की ते मनगटावरून शर्टाच्या बाहीत गेलं. बाबा म्हणाले, ‘पोरगं लंडनले जाऊन राहिलं का लग्नाले?’

दादानं तिकिटं पाठवली तेव्हा आईचं एकच काम ठरलेलं होतं. लंडन पाहायचं नव्हतं तिला. त्याला समोर बसवायचं आणि विचारायचं, तू कधी येतोस? पत्रात तो प्रश्न तिनं पुष्कळदा घातला होता. उत्तरात हवापाण्याची माहिती येई. समोरासमोर विचारलं की खोटं बोलणार नाही, अशी तिची खात्री होती. निघताना तिनं भिवापूरच्या मिरचीची पूड कुटून बांधून घेतली. विमानात बाबा म्हणाले, ‘आधी विचारजो, मग फिरू.’ आई म्हणाली, ‘विचारतो न.’

दादाकडे एक खोली आणि एक चिंचोळं स्वयंपाकघर. गॅसच्या मीटरमध्ये नाणं टाकलं की गॅस यायचा. बाबा मुद्दाम नाणं टाकायला पुढे सरसावत. मिरचीपूड ठेवायला आईनं कपाट उघडलं, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर तिनं आजवर पाठवलेली सगळी पाकिटं आत ओळीनं उभी होती. एकाचाही दोरा सुटलेला नव्हता. आई म्हणाली, ‘पाह्य कसं जपून ठेवलं लेकरानं!’ मी कपाटाचं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून आमचं लंडन सुरू झालं. दादानं आमच्यासाठी रजा काढली होती आणि त्या रजेतला एकही क्षण मोकळा राहू नये याचा जणू विडा उचलला होता. सकाळी चहाचा कप खाली ठेवेपर्यंत तो कोट घालून दारात उभा. राजवाडा, पहारेकरी, उंच पूल, बुरूज, म्युझियम. प्रत्येक ठिकाणी पोचलं की कोणत्या राजानं बांधलं, कोणी कोणाचं डोकं उडवलं, सगळं तो न थांबता सांगे. पैसे घेणारा गाईडसुद्धा मध्ये दम खातो. बाबा मान हलवत. पहारेकऱ्याच्या त्या केसाळ टोपीकडे बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, ‘काहून गा, याले गर्मी नाही होत?’ दादा मोठ्यानं हसला, अगदी नागपुरातल्यासारखा. मग एकदम सावरला आणि म्हणाला, ‘चला, पुढचं बंद होईल.’

आईच्या पायांत कॅनव्हासचे बूट होते आणि नऊवारीवर दादाचा जुना कोट. ती मागे राही. पुलावर, पायऱ्यांवर, कबुतरांच्या त्या मोठ्या चौकात ती मधूनच त्याचा हात धरून म्हणे, ‘बापा, एक विचारू?’ ‘विचार ना,’ तो म्हणे, ‘पण आधी तो खांब बघ.’ आणि खांबाची गोष्ट सुरू. नदीच्या बोटीत ती मुद्दाम त्याच्या शेजारी जाऊन बसली. आता विचारते, असं मला वाटलं. तिनं तोंड उघडलं आणि तो उठून कॅमेरा घेऊन समोर गेला. ‘आई, इकडे बघ. हस जरा.’ तो फोटो डब्यात आहे. आईचं तोंड अर्धं उघडं आहे.

आम्ही पॅरिसलाही जाऊन आलो. त्या लोखंडी मनोऱ्यावर गार वारा सुटला होता. खाली सगळं शहर पसरलेलं. आजूबाजूला लोक एकमेकांना बिलगून उभे होते. आम्ही चौघं एका घरचे, पण कठड्याला धरून लांब लांब उभे. बाबा लिफ्टच्या चाकांकडे पाहत होते, आई दादाकडे, दादा घड्याळाकडे. मला फार एकटं वाटलं. एवढं एकटं मला शिवणयंत्राशेजारी कधी वाटलं नव्हतं.

आईला तरी धीर होता. त्याला कारण दादाची ती लंडनची खोली. फिरून दमल्यावर दादा म्हणे, ‘चला, घरी जाऊ.’ आई लगेच दुरुस्त करी, ‘खोलीवर म्हण. हे काय घर हाय? बिऱ्हाड हाय तुझं.’ भिंतीवर एक खिळा नव्हता, दारात पायपुसणं नव्हतं. असा माणूस कधीही पेटी उचलून निघू शकतो, असं तिचं गणित होतं. ‘घर करायचं असतं तं चार भांडे नसते घेतले त्यानं?’ ती मला म्हणाली. मला हे पटल्यासारखं वाटलं. पटावंसं वाटत होतं, हेच खरं.

निघायचा दिवस आला. पेट्या बांधून झाल्या. टॅक्सी यायला थोडा वेळ होता आणि पाहायला आता काहीच उरलेलं नव्हतं. बाबांनी आईला डोळ्यानं खुणावलं. आई खुर्चीवर नीट बसली, पदर सारखा केला. ‘बापा, इकडे ये. बस जरा.’

‘आलोच,’ असं म्हणून दादा स्वयंपाकघरात गेला आणि एक वाटी घेऊन बाहेर आला. वाटीत दही होतं. आदल्या दिवशी दूध तापवून त्यानं स्वतः विरजण लावलं होतं. आम्हाला पत्ताही लागू दिला नव्हता. लहानपणी शाळेतून बक्षीस आणायचा तेव्हा जसा दिसायचा, तसा चेहरा झाला होता त्याचा.

‘पाह्य आई, विसरलो नाही मी. हात कर.’

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून आमच्याकडची बोली निघाली. आईनं हात पुढे केला. त्यानं चमच्यानं तिच्या तळहातावर दही ठेवलं, भरपूर, अगदी तिच्यासारखं. आणि तिच्याच सुरात म्हणाला, ‘लवकर ये परत.’

बाबा हसले. ‘पोरगं तयार झालं बापा!’ मलाही आधी हसूच आलं. मग मी आईकडे पाहिलं. ती तळहाताकडे पाहत होती. दही घरच्यानं द्यायचं असतं आणि जाणाऱ्यानं घ्यायचं असतं. दादाच्या हे ध्यानीमनीही नव्हतं. त्यानं मायेनं केलं, आई खूश होईल म्हणून केलं, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण त्या एका चमच्यात तो घरचा झाला आणि आई पाहुणी.

तिनं दही चाटून संपवलं. ‘चांगलं लागलं हाय गा,’ ती म्हणाली. ‘आंबट नाही झालं.’ मग बाबांच्या हातावर दही, मग माझ्या. आईनं उठून वाटी धुतली आणि पालथी घातली. टॅक्सी आली तेव्हा तिनं दादाच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

विमान सुटल्यावर बाबांनी विचारलं, ‘विचारलं काय वं त्याले?’

‘कामच नाही पडलं,’ आई म्हणाली आणि खिडकीकडे तोंड केलं.

नागपूरला पोचल्यावर आठवडाभर आळीतल्या बाया लंडन ऐकायला येत होत्या. आईनं सगळं नीट सांगितलं. पहारेकऱ्याची टोपी, मनोरा, गॅसचं मीटर. ती इतकं छान सांगे की मीच ऐकत बसे. शनिवार आला. आई झाडू घेऊन वर गेली नाही. संध्याकाळी बाबांना म्हणाली, ‘अवो, वरची खोली पोरीले देऊन टाका. खाली अंधारात डोळे फोडून राहिली ते.’

मला खोली मिळाली. किती वर्षं मागत होते! पहिल्या रात्री त्या पलंगावर झोपले आणि पहाटेपर्यंत रडले.

दादा पुढे दर दोन-तीन वर्षांनी येई, पाहुण्यासारखा, चार लोकांसाठी भेटवस्तू घेऊन. त्याची गादी खाली दिवाणखान्यात घालत. निघताना आई त्याच्या हातावर दही ठेवी, पूर्वीइतकंच, बाहीपर्यंत ओघळेल इतकं. पण ‘लवकर ये परत’ हे तिनं त्याला पुन्हा कधी म्हटलं नाही.

‘नीट जाजो, बापा,’ असं म्हणायची.