सतरा रकान्यांचं वॉशिंग मशीन

आमच्या घरी वॉशिंग मशीन घ्यायचं ठरलं ते आईच्या मनगटामुळं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं पुढं घरातले दोघं बाप्ये हे कारणच विसरून गेले आणि जणू काही लातुरातून उपग्रह सोडायचाय अशा थाटात वागायला लागले.

झालं असं की आई धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर चालली होती आणि जिन्यातच घसरली. उजवं मनगट मोडलं. सव्वा महिना प्लास्टर. प्लास्टर काढताना डॉक्टरांनी तिला साफ सांगितलं, सहा महिने कपडे पिळायचं नावसुद्धा काढायचं नाही, नाहीतर हा हात कायमचा गेला म्हणून समजा. आई मान हलवत होती. पप्पाही मान हलवत होते. पण पप्पांना पिळणं म्हणजे नेमकं काय तेच माहीत नाही हे मला बाहेर आल्यावर कळलं, कारण रिक्षात बसताना ते आईला म्हणाले, "मग पिळू नको. नुसते धू."

आई पडली त्या दिवसापासून घरातलं सगळं धुणं माझ्याकडंच होतं. त्याचं मला काही नाही. पण नांदेडला एका लॅबमध्ये माझी नोकरी पक्की झाली होती आणि एक तारखेला हजर व्हायचं होतं. प्लास्टर निघालं तेव्हा हातात तेवीस दिवस होते. त्या तेवीस दिवसांत मशीन आलं तर ठीक, नाहीतर मी बसमध्ये बसले की आई परत मोरीत बसणार, हे मला उघड दिसत होतं. धुणंवाली बाई लावू म्हणलं तर पप्पा म्हणाले, मशीन घ्यायचंच आहे तर चार दिवसांसाठी बाई कशाला.

चार दिवस! म्हणजे ऐका आता.

पहिल्याच दिवशी दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, लॅपटॉप घेऊन बसला. तो बँकेच्या परीक्षा देतो, म्हणजे घरीच असतो. त्यानं एक तक्ता केला. त्यात आडवे सतरा रकाने. फ्रंट लोडच घ्यायचं हे आधीच ठरलं, कारण आमच्या गल्लीत नळ आठ-आठ दिवसांनी येतो आणि फ्रंट लोडला पाणी कमी लागतं म्हणे. इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही. पण नंतर वजन, फेरे, मोटार, मोटारीची वॉरंटी, ड्रमची वॉरंटी, वाफ, हीटर, आवाज, वायफाय! मोबाईलवरून मशीन चालू करता येतं, हे त्यानं पप्पांना अशा कौतुकानं सांगितलं की मला राहवलं नाही. मी विचारलं, आत कपडे कोण टाकणार, मोबाईल का? तो म्हणाला, तुला टेक्नॉलॉजी कळत नाही.

पप्पांनी जन्मात स्वतःचा रुमाल पिळलेला नाही. ते शाळेत क्लार्क आहेत, शर्ट काढतात आणि खुंटीला लावतात, तिथून तो शर्ट धुवून, वाळून, इस्त्री होऊन परत कपाटात कसा येतो हा त्यांच्यासाठी निसर्गाचा नियम आहे. दादा आंघोळ झाली की ओला टॉवेल पलंगावर फेकतो. आणि हे दोघं रोज संध्याकाळी चहा पिऊन ड्रम बाराशे फेऱ्यांनी फिरावा का चौदाशे यावर बोलून राहिले! एकदा मी पिळलेल्या कपड्यांची बादली घेऊन त्यांच्या मधून चालले होते. बादलीला खालून पाणी गळत होतं. दोघांनी पाय वर घेतले. बोलणं थांबलं नाही.

रात्री जेवताना व्हिडिओ. दाढीवाला एक माणूस मशीनच्या अंगावर बोटानं टकटक करतो आणि म्हणतो बिल्ड क्वालिटी लाजवाब. असले मी कमीत कमी तीस व्हिडिओ बघितले असतील आणि एकातही कुणी कपडे धूत नाही. एकात बाळाचे कपडे वाफेनं धुवायचा प्रोग्राम दाखवला, तर दादानं त्याला तक्त्यात दोन मार्क जास्त दिले. आमच्या घरात बाळ कुठंय? दादाचं लग्न जमायचंय अजून. लोकरीच्या कपड्यांच्या प्रोग्रामलाही मार्क. लातुरात लोकर!

मग दुकानं. लातुरातल्या तीन दुकानांत आम्ही चौघं गेलो. तिन्हीकडं सेल्समन पोरं पप्पांना सर म्हणायची, दादाला सर म्हणायची आणि त्यांच्याकडं तोंड करून सगळं पाठांतर घडाघडा म्हणून दाखवायची. आईला एकानंच काही विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही फक्त कलर सांगा." आई मनगटाला क्रेप बँडेज बांधून, दुसऱ्या हातानं पदर धरून उभी होती. कुठलाबी चालतोय, म्हणाली. त्यानं ते लिहून घेतलं.

बारा दिवस गेले. मी पप्पांना विचारलं, कधी घ्यायचं? पप्पा म्हणाले, घाईनं वस्तू घेतली की पंधरा वर्षं डोकं धरून बसावं लागतं. दादा म्हणाला, पुढच्या महिन्यात सेल आहे. मी म्हणलं ठीक आहे, मग मी गेल्यावर तोपर्यंत तुम्ही दोघं आळीपाळीनं धुवा. दादा म्हणाला, मला सवय न्हाई. आणि पप्पा लई हळू, लई मायेनं म्हणाले, "बाळा, त्या लॅबवाल्यांना जरा विचारून बघ की. पंधरा दिवस जॉइनिंग पुढं ढकलतात का."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. बोलले असते तर लई वाईट बोलले असते. आई भाकरी करत होती, डाव्या हातानं थापत होती, भाकरी एका बाजूला जाड होत होती. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि परत खाली घातली.

नांदेडला कागदपत्रं द्यायला आणि राहायची खोली बघायला मला जायचंच होतं. तर दादा म्हणाला आपण सगळेच जाऊ, नांदेडला दुकानं मोठी आहेत, चॉइस जास्त मिळतो. पप्पांनी रजा टाकली. मशीनसाठी! माझ्या कॉलेजच्या ॲडमिशनला टाकली नव्हती. आई म्हणाली मला पोरीची खोली बघायची हाय, म्हणून तीही निघाली. बसमध्ये अहमदपूरपासून लोह्यापर्यंत दादा मागच्या सीटवरून इन्व्हर्टर मोटार समजावून सांगत होता. आई खिडकीला टेकून झोपली होती. लई हुशार बाई.

खोली बघितली, कागदं दिली, मग दुकान. इथला सेल्समन वयस्कर होता, चष्मा नाकावर, हातात साधी वही. दादानं लॅपटॉप उघडायच्या आत त्यानं विचारलं, घरात रोज कपडे किती निघतात आणि कसले?

पप्पा म्हणाले, असतील आठ-दहा.

दादा म्हणाला, साधारण साडेतीन किलो. हा आकडा त्यानं वेबसाइटवरून आणला होता. चार माणसांच्या कुटुंबाचा सरासरी आकडा.

त्या माणसानं चष्म्यावरून दोघांकडं बघितलं, मग आईकडं वळला. "ताई, तुम्ही सांगा."

आणि आई सांगायला लागली. मी तिला सलग एवढं बोलताना क्वचितच ऐकलंय. ह्यांचे दोन शर्ट, कॉलरला तेल असतंय, आधी घासावं लागतंय. पँट एका दिवसाआड. पोराची जीन, वाळलेली उचलली तर काही न्हाई, भिजल्यावर दोन हातांनी उचलत न्हाई आणि एकट्या माणसाला पिळत न्हाई. टॉवेल तीन, त्यातला एक हमेशा पलंगावर सापडतो. हिचे ड्रेस रंग सोडतात, वेगळे भिजवावे लागतात. उन्हाळ्यात बनियन दिवसाला दोन. चादरी रविवारी, पण नळ आला तरच. तो माणूस लिहून घेत होता. पप्पा भिंतीवरच्या टीव्हीकडं बघत होते. दादाचा लॅपटॉप उघडाच होता, सतरा रकाने चमकून राहिले होते आणि त्यात ह्यातलं एक अक्षर नव्हतं.

लिहून झाल्यावर त्यानं विचारलं, "आणि तुमचे, ताई?"

"माझी साडी हिच्या बादलीत असती. बाकीचे मी आंघोळ करतानाच पिळून टाकते. त्याला काय मशीन लागतंय."

मी तिथंच थिजले. कारण आठवायला लागलं ना. आई पडल्यापासून कपडे मी धुतले, सगळ्यांचे, आणि रोज संध्याकाळी ह्या दोघांकडं बघून मनातल्या मनात ह्यांना काय काय बोलत होते. आणि एवढ्या दिवसांत माझ्या बादलीत आईचा परकर कधीच आला नव्हता. ब्लाउज नाही. आतले कपडे नाहीत. गच्चीच्या मागच्या दोरीवर, जुन्या साडीखाली झाकून वाळत असायचे, मी रोज त्याच दोरीशेजारी माझी दोरी भरायचे. मोजले मी सगळ्यांचे. हे मोजलेच नाहीत. बाप्यांची अक्कल काढत बसले आणि माझी कुठं गेली होती?

"कुठल्या हातानं पिळतीस?" मी विचारलं.

आईनं आवाज एकदम खाली घेतला. "परकर काय कुणाला धुवाय द्यायचा असतो का गं."

म्हणजे त्याच हातानं. डॉक्टरांनी नाव काढू नका म्हणलेल्या हातानं, रोज, मोरीचं दार लावून. प्लास्टर असताना प्लॅस्टिकची पिशवी बांधून. पप्पांनी हे ऐकलं. ते टीव्हीकडं बघायचे थांबले.

त्या माणसानं वही मिटली. आमच्या टाकीची उंची विचारली, पाण्याला जोर कमी पडेल, एक लहान पंप बसवून घ्या म्हणाला, आणि मग आईला म्हणाला, चला, एकेक दार उघडून बघा. बँडेजवाल्या हातानं.

पहिल्या मशीनच्या खटक्याला आईनं हात घातला आणि तिचे ओठ मिटले. नाही. दुसरं उघडलं पण झटका बसला. चौदाशे फेऱ्यांचं, वाफेचं, वायफायचं, दादाच्या तक्त्यातलं पहिल्या नंबरचं मशीन तिच्यानं उघडलंच नाही. दादा म्हणाला नवीन असल्यावर घट्टच असतं. आई पुढं सरकली. पाचवं तिनं दोन बोटांनी ओढलं आणि दार आलं. तिनं लावलं, परत उघडलं, परत लावलं.

"हे."

"अगं आई, याला स्टीम न्हाई," दादा म्हणाला.

"स्टीम काय करायची? मला काय त्यात इडल्या लावायच्यात?"

तो सेल्समन मनापासून हसला. पप्पा त्याला म्हणाले, बिल करा. लातूरच्या शाखेतून डिलिव्हरी होईल असं तो म्हणाला, आणि आम्ही शेवटची बस पकडली. जॉइनिंग पुढं ढकलायचा विषय परत निघाला नाही. सॉरीसुद्धा कुणी म्हणलं नाही, आमच्यात ती पद्धत नाही.

मशीन तीस तारखेला आलं. एक तारखेला पहाटे मी निघाले तेव्हा ते खोक्यातच होतं, कारण पंप बसवणारा उद्या येतो, उद्या येतो करून राहिला. मी गेल्यावरचे चार दिवस आमच्या दोघा बाप्यांनी कपडे धुतले असतील असं वाटतं का? साठवले. दाराआड ढीग केला. दादानं मात्र खोक्याशेजारी उभं राहून फोटो काढला आणि स्टेटस ठेवलं, आईसाठी छोटीशी भेट. नातेवाईकांनी खाली लाल बदाम टाकले. मी तेवढं काही टाकलं नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी आईचा फोन आला. मशीन लागलं म्हणाली. मी विचारलं, पहिल्यांदा कुणाचे टाकलेस? ढीग पडलाय म्हणतेस, त्यांचेच असतील.

माझे टाकले, आई म्हणाली. एकटीचे. दोन परकर, दोन ब्लाउज आणि बाकीचं. पण मशीन ठेवलंय जाण्या-येण्याच्या वाटेवर, आणि त्याला समोरून ही एवढी मोठी काच! आत परकर गोल फिरायला लागला आणि नेमके पप्पा शाळेतून आले. म्हणून तिनं काचेवर टॉवेल टाकला आणि खुर्ची घेऊन शेजारीच बसली, कुणी उचलून बघू नये म्हणून. पप्पा म्हणाले, आठ किलोच्या मशीनमध्ये एवढेसेच कपडे? आठ दिवसांनी नळ येतो, पाणी फिजूल जातंय, आमचे पण टाक की त्यात.

"मग काय म्हणालीस?"

"म्हणलं, तुमचे उद्या."

हात दुखतो का विचारलं. दुखतोय म्हणाली, पण आज पिळलं न्हाई. मग मशीन वाजायला लागलं आणि तिनं घाईघाईनं फोन ठेवला, कारण ते कपडे बाहेर काढायला कुणी दुसरं आलेलं तिला चालणार नव्हतं.