कूलर चालू असेपर्यंत

'वामकुक्षी' या शब्दाचा अर्थ आम्ही वर्गात नीट सांगत असू. वाम म्हणजे डावा, कुक्षी म्हणजे कूस. जेवणानंतर थोडा वेळ डाव्या कुशीवर लवंडणे, ती वामकुक्षी. हा अर्थ काटेकोरपणे घेतला, तर नागपुरातल्या त्या सरकारी कार्यालयात मी पाहिली ती वामकुक्षी नव्हे. तिथे कोणीही डाव्या कुशीवर नव्हते. सगळे ताठ बसून, समोर कागद ठेवून, शासनाच्या वेळेत आणि शासनाच्या खुर्चीत झोपले होते.

सत्तरच्या दशकातला एप्रिल महिना होता. मी इतवारीतल्या मुलींच्या शाळेत शिकवत असे. दुसऱ्या दिवशी मॅट्रिकची परीक्षा सुरू व्हायची होती आणि माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या प्रवेशपत्रावर 'कुमारी'च्या जागी 'कुमार' छापून आले होते. एका गळलेल्या वेलांटीने तिला मुलगा केले होते. केंद्रप्रमुखांनी बजावले, की दुरुस्तीवर शिक्षण खात्याच्या साहेबांची सही आणि शिक्का नसेल, तर हिला आत घेणार नाही. तिच्या वडिलांचे भांड्यांचे दुकान होते. त्यांनी त्याहून सोप्या शब्दांत सांगितले होते, "बाई, यंदा पेपर हुकला त मी स्थळ पाहून घेतो. पुढच्या वर्षीचं काही सांगू नका मले."

तेव्हा मुलीला घेऊन मी भर दुपारी त्या कार्यालयात गेले. बाहेर डोळे उघडवत नव्हते. आत कोणाचे उघडे नव्हते. खिडकीत एक मोठा कूलर घरघरत होता. वाळ्याच्या ओल्या वासाने आणि त्या एकसुरी आवाजाने खोली भरली होती. मुख्य लिपिकांना तिथे बडे बाबू म्हणत. त्यांचे पेन कागदावर टेकलेले होते आणि टोकाखाली शाईचा एक डाग शांतपणे मोठा होत होता. दिवसभरात त्या कागदावर झालेली प्रगती एवढीच असावी. पलीकडे टंकलेखकाने यंत्रावर दोन्ही हात ठेवले होते, वाक्य सुचत नसल्यासारखे. डुलकीतही हुद्द्याचे भान सुटलेले नव्हते. कनिष्ठांची मान पुढे पडली होती, बडे बाबूंची मागे.

जागा होता फक्त दारातला चपराशी. इतरांची झोप मोडू न देणे, हे त्याचे काम असावे.

"साहेबांना भेटायचे आहे," मी म्हणाले.

"साहेब फाइलमधी आहेत."

अर्ध्या दारावरून मी आत पाहिले. तो अक्षरशः खरे बोलत होता. साहेब मागे रेलले होते आणि उघडी फाइल त्यांच्या तोंडावर पालथी होती.

"केव्हा मोकळे होतील?"

"आता कसं सांगू बाई? हे कूलर चालू आहे तोवर कोनी हालत नाही इथं."

मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, उठवू का त्याईले?"

मी बडे बाबूंच्या टेबलाशी जाऊन खोकले. त्यांनी एक डोळा उघडला. मी प्रवेशपत्र पुढे धरले.

"उद्या या."

"उद्याच तर पेपर आहे."

"मग परवा या," म्हणून त्यांनी तो डोळा परत जागेवर ठेवला.

मुलीचा चेहरा उतरला. तेव्हा मात्र मला राग आला. राग आला की मी क्रमाने विचार करते. विद्यार्थ्यांना आपण शिकवतो, की कारण नाहीसे केले म्हणजे परिणाम नाहीसा होतो. झोप हा परिणाम. कारण चपराशाने सांगितलेच होते. तो कूलरमध्ये घालायला पाण्याची बादली आणण्यासाठी अंगणातल्या नळाकडे गेला. मी भिंतीपाशी गेले आणि कूलरचे बटण बंद केले.

माझे अनुमान निम्मे बरोबर निघाले. घरघर थांबताच सगळे एकदम जागे झाले. पण मी एक गोष्ट लक्षात घेतली नव्हती. त्या कार्यालयात कूलर रोज एकदाच बंद होत असे, सुटताना.

बडे बाबूंनी पेनाला टोपण लावले. टंकलेखकाने यंत्रावर आच्छादन घातले. टेबलाखालचे डबे वर आले, खण धडाधड बंद झाले.

"चला गा, झाला दिवस!"

"आज लय काम पडलं बुवा. मान अवघडून गेली पार."

दाराकडे रीघ लागली. मी यांना जागे करायला आले होते आणि घरी पाठवून बसले होते. तेवढ्यात साहेब आतून आले. हातात पिशवी, गालावर फाइलच्या कडेचा लांब वळ. मी दारात आडवी उभी राहिले.

"साहेब, एवढी एक सही. मुलीचे वर्ष जाईल."

"आत्ता? काय बाई तुम्ही!" म्हणत त्यांनी प्रवेशपत्र भिंतीला टेकवले आणि न वाचता सही केली. घरी निघालेला माणूस काहीही मंजूर करतो, हे मला तेव्हा कळले.

"शिक्का हो, बडे बाबू. लवकर!"

बडे बाबूंनी पुटपुटत खण पुन्हा उघडला. "यांच्यापायी बस जाते आता माझी." ठप्प असा आवाज झाला आणि ती मुलगी पुन्हा मुलगी झाली.

साहेबांनी जाता जाता मला समज दिली. "शाळेत शिस्त शिकवता ना? मग कार्यालय सुटताना कामे आणू नका. कामाच्या वेळेत येत जा."

त्यांच्या डोक्यावरच्या घड्याळात सव्वातीन वाजले होते. मी "हो" म्हणाले.

बाहेर पाय ठेवताच उन्हाने त्यांना सत्य सांगितले असणार. साहेबांनी आकाशाकडे पाहिले, मनगटाकडे पाहिले, स्कूटरच्या तापलेल्या बैठकीवर रुमाल पसरला आणि घरी गेले. बडे बाबू क्षणभर घुटमळले. साहेब गेलेले पाहून तेही गेले. परत आत कोणी गेले नाही. फाटकाशी चपराशी भरली बादली घेऊन उभा होता आणि प्रत्येकाला विचारत होता, "काहून गा? काय झालं? कोनी पुढारी गेला का?"

आम्ही रिक्षा करून थेट इतवारीत दुकानावर आलो. वडिलांनी प्रवेशपत्र उजेडात धरले, सही पाहिली, शिक्क्यावरून बोट फिरवले.

"आजच्या आज झालं? एवढ्या लवकर?"

"सगळेच घाईत होते," मी म्हणाले.

मुलगी परातींच्या चळतीआड तोंड लपवून हसत होती.

"जाऊ द्या मंग तिले पेपरले," वडील म्हणाले आणि प्रवेशपत्र तिच्या हातात दिले. मग गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाले, "ऑफिस चांगलं दिसते गा. लोकं उगीच नावं ठेवतात."