घट्ट पिळाची लोकर

भिंगारच्या बाजारातल्या लोकरीच्या दुकानात ते हमखास दिसायचे. पलटणीतून निवृत्त झालेले, उंच, अंगात विटका लष्करी कोट. दुकान त्यांचं नव्हतं. ते नुसते बाकावर बसून असायचे. कुणी लड निवडली, की तिचा एक धागा तळव्यांत धरून, डोळे मिटून हळूहळू चोळत राहायचे. तेवढा वेळ बाजाराचा गलबलाही लांब गेल्यासारखा वाटायचा.

लढाई संपून वर्ष झालं होतं. मला दिवस गेले होते. मी एक फुगीर, गुलाबी लड उचलली. त्यांनी तिचा धागा चोळून पाहिला.

“ती नको, ताई. लई मऊ हाय. दोन धुन्यांत लव सुटंल, गोळे धरंल. लेकरू तोंडात घालतं. ही घ्या, घट्ट पिळाची.”

मी त्यांनी दिलेली पिवळी घेतली. स्वेटर विणून झाल्यावर मुद्दाम दाखवायला नेला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि इवल्याशा बाहीत दोन बोटं घातली.

“आमच्या पोरीला असाच आनायचा हुता,” ते म्हणाले. “रजा मिळंस्तवर ती ऱ्हायली न्हाई.”

स्वेटर घ्यायला पुढं केलेला हात मी खाली घेतला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकले.