खांबाचं बूड

कळमेश्वरच्या एका कॉलेजची अभ्यासिका मी लाकडात बांधायची ठरवली, तेव्हा लोकांनी मला वेड्यात काढलं. कारखान्यात लाकडी पट्ट्या एकावर एक चिकटवून, दाबून जाडजूड खांब आणि तुळया करतात. त्यांवर चांगली दोन मजली इमारत उभी राहते, हे कॉलेजच्या कमिटीला पटवण्यात माझं निम्मं वर्ष गेलं. उदई पोखरेल, आग लागेल, मे महिन्यात तडकेल, असं सगळं ऐकून घेतलं आणि सगळ्याला उत्तरं दिली, काही जरा जास्तच तोऱ्यात. शेवटी कमिटी कशीबशी हो म्हणाली, पण अट घालून. काम अडलं तर गुपचूप सिमेंटचं बांधायचं.

आणि काम अडलं. अडवलं माझ्याच बाबांनी.

बाबा जन्माचे सुतार. साइटवरचे चारही मिस्त्री त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. खांबांचा ट्रक उतरला त्या दिवशी मी बाबांना मनीषनगरच्या घरून मोठ्या हौसेने घेऊन गेले. त्यांनी एका खांबावर हात फिरवला, एका टोकाशी वाकले, मग दुसऱ्या टोकाशी गेले.

"याचं बूड कुठं आहे वं?"

आमच्यात खांब उभा करायचा तो झाड जसं उभं होतं तसाच. बुडाकडचं टोक खाली, शेंड्याकडचं वर. उलटा खांब घराला लाभत नाही म्हणतात. हे ऐकतच मी लहानाची मोठी झाले आणि शिकूनसवरून पार विसरून गेले.

"बाबा, यात किती झाडांच्या पट्ट्या आहेत. कोणाचं बूड इकडं, कोणाचं तिकडं."

"मंग उभा कसा करून राहिली तू?"

मिस्त्र्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्यातला वयाने मोठा होता तो खालमानेने म्हणाला, "ताई, बाबा हो म्हणतीन तेव्हाच आम्ही हात लावू." इतकं शिकून शेवटी माझी गाठ पडली ती बुडाशेंड्याशी. परतताना गाडीत मी बाबांना नाही नाही ते बोलले. परवा कमिटी येणार, खांब आडवे पाहणार आणि माझी इमारत तिथेच संपणार, हेही सांगितलं.

घरी आल्यावर एकदा मनात आलं, कारखान्यात फोन केला होता, सगळ्या पट्ट्या एकाच बाजूने लावल्यात, असं ठोकून द्यावं. पण लाकडाच्या बाबतीत बाबांशी खोटं बोलायला जीभ रेटेना.

सकाळी उठून पाहते तर बाबा आंघोळ करून, टोपी घालून दाराशी उभे. हातात गेरूचा खडा. "चाल," म्हणाले. वाटेत स्वतःच बोलले, "सगळ्यायचं बूड एकीकडं नाही, समजलं मले. पण जिकडं जास्ती, तिकडं बूड. ग्रामसभेत नाही का हात मोजत?" मला हसू आलं. रात्रभर माणूस हाच विचार करत असणार.

साइटवर ते पहिल्या खांबाशी बसले आणि बसूनच राहिले. बोट पट्टीवरून पुढे जाई, परत मागे येई. मला वाटलं, पुन्हा बिनसलं. मग मिस्त्र्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू ते म्हणाले, "मले रेघा दिसत नाही, पोरी. जवळ बस."

गुडघे दुखतात म्हणून काम सोडलं, असं त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. आम्ही तेच धरून चाललो. मी त्यांच्याजवळ खाली बसले.

"टेकडीवानी रेघा दिसते का? तिचं टोक जिकडं, तिकडं शेंडा. गाठ असन तं तिचा कल पाहाय. फांदी वरतंच जाते."

लाकडाची ताकद मोजायला मी कॉलेजात शिकले होते, हे नव्हते शिकले. इथल्या चारही मिस्त्र्यांना बाबांनी हे शिकवलं, मला नाही. पोरीच्या हाताला घट्टे पडतील म्हणून त्यांनी मला कधी रंधासुद्धा धरू दिला नव्हता. त्याचा राग मी बरीच वर्षं मनात ठेवला होता. त्या सकाळी तो कुठे गेला, मला कळलं नाही.

मी पाहायची, सांगायची. ते बोटांनी गाठ चाचपून खात्री करायचे आणि त्या टोकावर गेरूची रेघ ओढायचे. दोनदा मी चुकले. दोन्ही वेळा त्यांनी नुसतं "पुन्हा पाहाय," म्हटलं. मिस्त्री एव्हाना भोवती येऊन उभे राहिले होते. त्यांना सगळं कळलं असावं.

ऊन चढेपर्यंत एकच खांब उरला. बाबा त्याच्याशी वाकलेच नाहीत. "हा तू सांग."

मी दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदाही पाहिलं, आणि सांगितलं.

त्यांनी हात लावून पाहिला नाही. गेरूचा खडा माझ्या हातात दिला आणि मिस्त्र्यांकडे वळून म्हणाले, "घ्या गा उभे करायले. पोरीनं पाहिलं आहे."