टेकडीवर एक भाऊ कमी

भोकरदनच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. तीन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या सुट्टीआधी, वर्गात एका जुन्या चिनी कवितेचा अनुवाद वाचून दाखवला. सुमारे तेराशे वर्षांपूर्वीची कविता, नवव्या महिन्यातल्या नवव्या दिवसाच्या सणाची. त्या दिवशी तिकडे घरातली सगळी मिळून टेकडीवर चढत, शेवंतीची दारू पीत आणि अरिष्ट टळावं म्हणून लाल फळांच्या झुडपाची डहाळी अंगावर खोवत. दंतकथा अशी, की संकटाची सूचना मिळालेलं एक कुटुंब दिवसभर टेकडीवर राहिलं; संध्याकाळी परतलं तर गुरं-कोंबड्या मरून पडलेल्या.

त्या काळी दरबारी नोकरीसाठी तरुण राजधानीला जात आणि वर्षानुवर्षं घरी येत नसत. कवितेतला तरुण असाच, सणाला परमुलखात एकटा. त्याच्या डोळ्यांपुढे भाऊ येतात. डहाळ्या खोवताना त्यांना एक जण कमी भरेल, असं त्याला वाटतं. आठवण येते त्याला, पण हळहळायला लावतो भावांना. कवितेचा जीव तिथे आहे, असं मी मुलांना सांगितलं.

एक मुलगी म्हणाली, "पण सर, त्याला काय माहीत? भावांना आठवण आलीच न्हाई तर?"

"आपली माणसं आहेत, येणारच."

बोललो खरा. मला मात्र सहा वर्षांत घरून फोन नव्हता. बौद्ध घरातल्या सहकारी शिक्षिकेशी मी लग्न केलं, तेव्हापासून. आई आणि दोघे भाऊ कुंभार पिंपळगावात शेती करतात.

"जाऊन या एकदा," बायको म्हणाली. मी दसऱ्याला गेलो.

बसमधून उतरताच चहावाल्याने ओळखलं. "अरे मास्तर! दुबईहून कधी आले?"

मला थट्टाच वाटली.

गावाच्या शिवेवर सीमोल्लंघन चालू होतं. धाकटा भाऊ लोकांना आपट्याची पानं देत होता. त्याने मला पाहिलं आणि मान खाली घातली. थोरल्याने हात धरून मला देवळामागे नेलं.

"यायच्या आधी फोन तर करायचा व्हता. लोकं इचारून राह्यले व्हते, मंग काय सांगावं आम्ही? दुबईला गेला म्हणलं. तितकं लांब कोण जाऊन बघतंय?"

"आणि आई?"

"तिनंच तर सुचवलं."

त्याने दोन पानं माझ्या हातावर ठेवली. आम्ही गळाभेट घेतली नाही.

"जल्दी निघ आता. कोणी इचारलं तर विमान पकडायचंय म्हण."

घर तिथून पाच मिनिटांवर होतं. मी गेलो नाही. उलट्या पावली स्टँडवर येऊन चहा घेतला. चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. पाहुण्याकडून कसे घ्यायचे, म्हणाला.

"भेटले का सगळे?" बायकोने दारातच विचारलं.

"भेटले."

दिवाळीत आईचा फोन आला. इतक्या वर्षांनी तिचा आवाज ऐकला. तिच्याजवळ बायका बसलेल्या असाव्यात, मागे बोलणं ऐकू येत होतं.

"बरा हाईस ना?" तिने मोठ्याने विचारलं. "तिकडं लई ऊन असंल, न्हाई?"

बाहेर थंडी पडली होती. मी स्वेटर घालून बसलो होतो.

"हो आई," मी म्हणालो, "लई ऊन आहे."