बुचावरची हळद

आमच्या घरी म्हणत, याचा हात आधी चालतो आणि डोकं मागून येतं. खोटं नव्हतं. मंगळवेढ्याकडच्या कोरडवाहू रानातून सोलापुरात आलो तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो, आणि पंचविशी गाठेपर्यंत दोन गिरण्यांतून मारामारीपायी बाहेर पडलो होतो. एका जॉबरचे, म्हणजे खात्यावरच्या मुकादमाचे, दोन दात माझ्या मुठीवर निघाले, त्याची खूण अजून मधल्या बोटावर आहे. पण यंत्राच्या कामात मला तोड नाही, असं मी तरी समजत होतो. म्हणून तिसरी नोकरी लागली ती बर्फाच्या कारखान्यात, मेस्त्री म्हणून.

बर्फ करायची रीत सोपी आहे. नळ्यांत अमोनियाचा वायू कोंडलेला असतो. तेलाच्या इंजिनाच्या पट्ट्यावर कंप्रेसर चालतो, तो या वायूला दाबतो. दाबलेला वायू निवून पाण्यासारखा होतो आणि मिठाच्या पाण्याच्या टाकीतल्या नळ्यांत सोडला की टाकी गारठते. त्या टाकीत पाण्याचे डबे बुडवून ठेवायचे, लाद्या तयार. तोच वायू पुन्हा फिरून कंप्रेसरकडे येतो. तो जळत नाही, सरत नाही. कमी झाला तर एकच अर्थ, कुठंतरी गळतंय. आणि हा वायू फार वाईट. थोडा नाकात गेला तर डोळ्यांतून धारा लागतात, जास्त गेला तर माणूस जागच्या जागी गुदमरतो.

माझ्या हाताखाली एकच माणूस होता, तेलवाला. यंत्राला तेल घालायचं आणि दाबाच्या काट्यावर नजर ठेवायची, हे त्याचं काम. तेलुगू विणकरांतला, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा, घरचा माग भावाच्या हवाली करून इकडं आलेला. मी त्याला अण्णा म्हणायचो, तो मला मेस्त्री. चिडणं त्याला ठाऊक नव्हतं, आणि मला नेमका त्याचाच राग यायचा.

थंडीत कारखाना बंद असे. पाडव्याला यंत्राची पूजा करून हंगाम सुरू व्हायचा. त्या वर्षी पूजेच्या तयारीत यंत्र पुसताना नळीच्या टोकाचं लोखंडी बूच माझ्या डोळ्यांत खुपलं. गंजून काळंठिक्कर पडलेलं. मी बॉयलरवर शिकलेला माणूस. गिरणीत चांगलं काम म्हणजे पितळेचं काम. पितळ गंजत नाही, वाफेला पुरून उरतं, आणि चिंच लावून घासलं की समईसारखं लखलखतं. मी ओळखीच्या लेथवर पितळी बूच घडवलं, स्वतःच्या हातानं बसवलं आणि पाडव्याला सगळ्यांच्या आधी त्यालाच ओल्या हळदीची दोन बोटं ओढली. मग इतर सांध्यांना हळद लागली. कुंकवाचा मान फक्त मोठ्या चाकाचा.

पंधरा दिवसांनी अण्णा मला म्हणाला, "मेस्त्री, तुमच्या बुचावरची हळद तांबडी व्हायलीय की. मी काय कुंकू लावलो न्हाय."

मी जाऊन पाहिलं. बाकी सगळीकडची हळद पिवळी, आणि माझ्या बुचावरची लालभडक. मी चपला काढल्या आणि हात जोडले.

"देवीनं आपल्या हातानं कुंकू लावलंय," मी म्हणालो. "पुसू नको, आणि कुणाला पुसू देऊ नको."

तो तिथंच घुटमळला. "पर तितं वास बी यायलाय थोडा."

"अमोनियाच्या कारखान्यात काय अत्तराचा वास येणार होय?" मी म्हणालो. तो हसला आणि तेलाचा डबा घेऊन गेला.

वैशाखात लाद्या बिघडल्या. वरून टणक, मधे दुधाळ लगदा. मग वरूनही टणक होईनात. दाबाचा काटा रोज थोडा खाली. लग्नसराई भरात, सोडावॉटरवाले दारात, इस्पितळातून तापाच्या रोग्यांसाठी माणूस येऊन रिकाम्या बादल्या घेऊन परत जायचा. मुंबईचा इंजिनेर आठ दिवसांनी येतो म्हणाला. मालक सकाळीच यंत्राच्या खोलीत आले.

"संध्याकाळपर्यंत गळती सापडली पाहिजे," ते म्हणाले. "आणि कुणाच्या हलगर्जीपणामुळं झाली तेही. तो माणूस उद्या मला इथं दिसता कामा नये."

इथं दोनच माणसं होती. मी अण्णाकडं पाहिलं.

कंप्रेसरचा दांडा जिथून आतबाहेर करतो तिथं सुताचं भरण असतं. तेल कमी पडलं की ते झिजतं आणि वायू निसटतो. तेल अण्णाचं काम. मला हवा तो चोर सापडला होता.

"तेल किती वेळा घातलंस?"

"रोजच्यावानी."

"खोटं बोलू नको."

"खोटं कशाला बोलू, मेस्त्री? मी तुमाला बुचाचं बोल्लो होतो की."

बूच हा शब्द त्यानं काढला आणि माझा हात सुटला. पहिली चपराक. मग मूठ, डाव्या डोळ्यावर, अंगातलं सगळं बळ लावून. तो मागं जाऊन तेलाच्या पिंपावर आपटला, ओठ फुटला. तो उठायला लागला तसा मी त्याच्या बरगडीत लाथ घातली, आणि पुन्हा घातली. माझ्या बुचाला नाव ठेवतो, देवीच्या कुंकवाला नाव ठेवतो, असं काहीबाही ओरडत होतो. खरं सांगायचं तर मला मारताना बरं वाटत होतं. मालक दारात उभे राहून बघत होते. थांबवलं नाही.

अण्णानं उलटा हात उचलला नाही. जमिनीवरून एवढंच म्हणाला, "बास करा, मेस्त्री. पट्टा चालू हाय, त्यात जाताल."

तो भिंतीला धरून बाहेर गेला आणि हौदावर तोंड धुवत बसला. डावा डोळा सुजून पार मिटला होता. मालक म्हणाले, "मग हाच ना?" मी मान हलवली. ते समाधानानं गादीवर जाऊन बसले.

आता गळती दाखवून द्यायची बाकी होती. मी साबणाचं पाणी फेसाळून दांड्याच्या भरणावर सोडलं. वायू निसटत असेल तर बुडबुडे येतात. एकही आला नाही. पुन्हा सोडलं, पुन्हा काही नाही. अण्णाचं काम चोख होतं.

नाक उपयोगाचं नव्हतं, कारण वास खोलीभर भरला होता. मग मी गंधक वितळवून त्यात सुताची वात बुडवली आणि पेटवून नळ्यांपाशी फिरवायला लागलो. गंधकाच्या धुराला अमोनिया भेटला की दाट पांढरा धूर होतो, ही त्याची चुगली. सांध्यामागून सांधा पाहत गेलो. काही नाही. नळीच्या टोकाशी वात नेली आणि भसकन पांढरा लोट उठला, इतका की हात दिसेना. धूर विरला तेव्हा समोर माझं पितळी बूच होतं, आणि त्यावर ती लालभडक हळद.

सोडा घातलेल्या पाण्यात हळद लाल होते, हे घरोघरच्या बायकांना माहीत असतं. हळदीचा डाग साबण लावला की तांबडा होतो. मी तर लहानपणी आईच्या धुण्याशी बसून ते पाहिलं होतं. अमोनियाही त्याच जातीचा. पंधरा दिवसांत हळदीनं गळती बोट ठेवून दाखवली होती, अण्णानं ती मला सांगितली होती, आणि मी तिला नमस्कार केला होता.

शहाण्या मेस्त्रीनं इथं काय करायचं ते मला पाठ होतं. इंजिन थांबवायचं, दोन्हीकडच्या झडपा बंद करायच्या, मगच पाना लावायचा. पण मला ते बूच कुणी बघायच्या आत आवळून टाकायचं होतं. मी पाना लावला, दात खाऊन ओढला, सरकेना तसा पान्यावर हातोडा घातला. पितळ सुपारीसारखं फुटलं.

त्यापुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. शिट्टीसारखा कर्कश आवाज. तोंडावर काहीतरी थंड आणि त्याच क्षणी जळजळीत. श्वास घ्यायला गेलो तर घशात आग. दार कुठं ते कळेना. मी भिंतीवर डोकं आपटत होतो. मग कुणीतरी मागून मानगूट धरली आणि अशी हिसडली की मी उंबऱ्याबाहेर दगडांवर तोंडघशी पडलो. डोळे उघडले तेव्हा नाकातोंडाला ओला पंचा गुंडाळलेला अण्णा पुन्हा आत जात होता, झडपेकडं. पंचा नाकावर होता. डोळ्यांवर नव्हता.

आवाज थांबला. तो बाहेर आला तो चाचपडत, गुडघ्यांवर. मी त्याला हौदात लोटला आणि त्याच्या तोंडावर पाणी ओतत राहिलो, बादलीवर बादली. तो जनावरासारखा ओरडत होता, तेलुगूत कुणाला तरी हाका मारत होता. ज्या हातांनी तासाभरापूर्वी त्याला बडवला त्याच हातांनी मी त्याचा उजवा डोळा पाण्याखाली उघडा धरत होतो आणि तो मला ढकलत होता. टांग्यात घालून त्याला इस्पितळात नेला.

दुसऱ्या दिवशी एकट्यानं काम केलं. लोखंडी बूच आणलं, मुरदाडशिंग, म्हणजे शिशाची पिवळी भुकटी, ग्लिसरीनमध्ये कालवून बुचाच्या आट्यांना लावलं आणि आवळून सांधा पक्का केला. पितळाचे तुकडे गोळा केले तर आतून निळेहिरवे, खाल्लेले. वाफेला पुरून उरणारं पितळ अमोनिया खाऊन टाकतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं. एक तुकडा अंगणात उन्हात पडला होता. अमोनिया उडून गेला तशी त्यावरची हळद पुन्हा पिवळी झाली होती. तो मी बराच वेळ हातात धरून बसलो.

मग नळ्यांतली हवा काढली, अमोनियाचं लोखंडी नळकांडं जोडलं आणि चावी केसभर उघडली. वायू सूं सूं करत आत जायला लागला, काटा हळूहळू चढला, दुपारपर्यंत नळीवर पांढरं हिव धरलं. नव्या बुचाला मी ओली हळद लावली आणि समोर बसून राहिलो. ती पिवळीच राहिली.

तसाच उठून मालकांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. बूच माझं, चूक माझी, अण्णानं आधी सांगितलं होतं, मार त्याला फुकट पडला. मला वाटलं मला हाकलतील. मी त्याची तयारी करून गेलो होतो.

"खरं बोललास, चांगलं केलंस," ते म्हणाले. "लाद्या टणक होतायत. तू राहा. पण त्याचा उजवा डोळा गेला म्हणतात. एकडोळ्याला मी यंत्रापाशी ठेवू शकत नाही. त्याला निरोप दे."

पाना माझ्या हातातच होता. मालक बारीक अंगाचे, साठीला आलेले, आणि खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी "बरं" म्हणालो आणि यंत्राकडं परत गेलो.

निरोप द्यायला दहा दिवस लावले. अण्णा भावाच्या मागाशेजारी पोत्यावर बसला होता. उजव्या डोळ्यावर पट्टी, डाव्याभोवती अजून काळंनिळं. त्याच्या बायकोनं मला पाणी दिलं आणि तोंड फिरवून आत गेली. मी रडायला लागलो.

"रडू नका, मेस्त्री," तो म्हणाला. "डावा डोळा तुमी मिटवून टाकलासा म्हणून वाचला. उघडा असता तर तोबी गेला असता."

तो टोमणा मारत नव्हता. तो खरंच तसं समजत होता, आणि मला सुख वाटावं म्हणून सांगत होता. मी त्याला कामाचा निरोप दिला. मालकांना खरं काय ते सांगितल्याचंही सांगितलं, आणि ते काय म्हणाले तेही.

त्यानं ऐकून घेतलं. मग त्या एका डोळ्यानं माझ्याकडं पाहत विचारलं, "आन मग तुमी काय केलासा?"

मी उजवी मूठ डाव्या हाताखाली झाकून बसून राहिलो.