ओल्या रंगावरची धूळ

जुन्या वहीतून पळसाची वाळलेली पाकळी गळाली, म्हणून ते पान उघडलं. ऐंशीच्या दशकात मी फिरेन तिथलं चित्र जलरंगात काढायचो आणि शेजारी एसटीचं तिकीट, एखादं फूल चिकटवायचो. हे पान घुग्घुसचं, कोळशाच्या खाणींच्या गावाचं. रंग उडालेत, पण बोट फिरवलं की अजून खरखर लागते.

मी रस्त्याकडेला बसून ट्रक काढत होतो. समोरच्या घरातून एक बाई आली.

"आमच्या ह्यायचं एक चित्र काढून द्या भाऊ. मंग भितीवर लावाले काहीच नाई."

तिनं नवऱ्याला धरून बाहेर आणलं, तेव्हा त्या 'मंग'चा अर्थ कळला. खाणीतला माणूस, आता दोन पावलांत धाप लागणारा. विहारात जायचा पांढरा शर्ट तिनं त्याला घातला होता.

जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, कागद कोरा सोडतात. मी शर्ट तसाच सोडला. कोळशाचे ट्रक जात राहिले आणि रंग वाळायच्या आत धूळ बसली. रुमालानं टिपायला गेलो, तर छातीवर काळा फराटा उठला. बाईचं तोंड उतरलं.

"घरात बसू, दार लावून दुसरं काढतो," मी म्हणालो.

छातीवर हात ठेवून तो पहिल्यांदाच बोलला. "बरोबर निघालं भाऊ. आतमंदी बी असंच हाय."

दुसऱ्या चित्रात शर्ट पांढराशुभ्र आला. ते तिला दिलं. मी रंग आवरेपर्यंत तो मात्र फराटा उठलेल्या याच पानाकडे बघत बसला होता.